पत आणि अभय : सुरत-मुंबईतील आरंभीची इंग्रज वसाहत

मुंबईच्या उदयाचा इतिहास बहुधा किल्ले, आरमार आणि गव्हर्नरांच्या नावांनी सांगितला जातो. इंग्रज आले, त्यांनी बंदर बांधले, तोफा ठेवल्या आणि शहर वाढले, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून मनावर ठसलेले असते. परंतु इ. स. १६०८ ते १६८७ ह्या सुमारे ऐंशी वर्षांचा वृत्तांत बारकाईने पाहिला असता निराळेच चित्र दिसू लागते. ह्या काळातील इंग्रज वसाहत मुख्यतः दोन गोष्टींवर उभी होती. पहिली गोष्ट म्हणजे येथील व्यापाऱ्यांची पत आणि दुसरी म्हणजे त्या व्यापाऱ्यांना हवे असलेले अभय. पत सुरतेच्या पेढ्यांनी पुरविली. अभय मात्र मागून, वाटाघाटी करून आणि लेखी करार करून मिळवावे लागले. ह्या दोन्हींत जैन व वैष्णव बनिया समाजाचा वाटा मोठा आहे आणि तो पुढील पिढ्यांना ठाऊक असणे इष्ट आहे.

सुरतेच्या दारी

लंडन येथील ईस्ट इंडिया कंपनीला राणी एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद दिली. त्यानंतर आठ वर्षांनी, ऑगस्ट १६०८ मध्ये, ‘हेक्टर’ नावाचे कंपनीचे जहाज कॅप्टन विल्यम हॉकिन्स ह्याच्यासह तापीच्या मुखाशी आले. त्या वेळी सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. हजची जहाजे येथूनच निघत. इराण, अरबस्तान, तुर्कस्तान व पूर्वेकडील बेटांचा माल येथे उतरे. बनिया, बोहरा, पारशी, आर्मेनियन, तुर्क असे सर्व देशीचे व्यापारी येथे नांदत होते. ह्या गजबजाटात हॉकिन्स हा एक अनोळखी परदेशी पाहुणा होता. तो आग्र्यास जहांगीर बादशहाच्या दरबारात गेला, तेथे काही काळ राहिला आणि अखेर कायमचा परवाना न मिळविताच परतला. समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता आणि त्यांना दुखवून इंग्रजांना जागा देण्यास मोगल अधिकारी राजी नव्हते.

१६१२ च्या अखेरीस सुरतेजवळील सुवाळीच्या किनाऱ्यावर कॅप्टन थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीज तांड्यास मागे हटविले, तेव्हा वारे फिरले. १६१३ च्या आरंभी बादशाही फर्मान मिळाले व इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली. १६१५ ते १६१९ ह्या काळात इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सर थॉमस रो मोगल दरबारात राहिला व त्याने काही सवलती मिळविल्या. त्यांतील एक म्हणजे इंग्रजांनी आपापसांतील तंटे आपल्याच प्रमुखाकडून मिटवावेत. ‘सरकार’ म्हणून इंग्रजांच्या हाती त्या वेळी एवढेच होते. स्वतःची भूमी नाही, किल्ला नाही, प्रजा नाही. भाड्याचे एक घर आणि त्यात राहणारी मोजकी माणसे.

वखारीतील दिनक्रम

वखार म्हणजे एक भक्कम दुमजली वाडा होता. खाली गोदामे, वर राहण्याच्या खोल्या. वखारीचा मुख्य ‘प्रेसिडेंट’. त्याच्या मदतीस कौन्सिल, आणि त्याखाली मर्चंट, फॅक्टर, रायटर व उमेदवार अशी उतरंड. रायटर म्हणजे कारकून. त्याला वर्षाला अवघे १० पौंड पगार मिळे. सर्वांचे जेवण एका पंगतीत, हुद्द्याप्रमाणे बसून होई. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सक्तीची असे व रात्री दरवाजे बंद होत. वखारीची शिस्त एखाद्या मठासारखी होती, असे वाटावे. परंतु दारूचा अतिरेक, भांडणे व अकाली मृत्यू ह्यांच्या नोंदीही त्याच दप्तरात विपुल आहेत.

इतक्या तुटपुंज्या पगारावर माणसे सात समुद्र ओलांडून का येत? ह्याचे उत्तर खासगी व्यापारात होते. कंपनीच्या जहाजांबरोबर वा आशियातील बंदरांमधून नोकर स्वतःचा माल फिरवीत. आरंभी कंपनीने ह्यास सक्त मनाई केली, पुढे हळूहळू आशियातील व्यापारापुरती मोकळीक दिली. मात्र ह्या खासगी व्यापारालाही भांडवल लागे आणि तेही बहुधा सुरतेच्या सावकाराकडूनच येई.

प्रेसिडेंट बाहेर निघाला की निशाण, पालखी, कोतवाल घोडा व शिपाई असा थाट असे. १६८९ मध्ये सुरतेस आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन ह्याने ह्या थाटाचे वर्णन केले आहे. ओव्हिंग्टनला सुरतेत आणखी एका गोष्टीचे मोठे आश्चर्य वाटले. ती म्हणजे जराजर्जर व आजारी जनावरांसाठी बनियांनी चालविलेली पांजरपोळ. मुक्या प्राण्यांचा असा सांभाळ त्याने यापूर्वी पाहिला नव्हता.

कापडाचा व्यवहार

इंग्रज येथे आले ते प्रामुख्याने कापड, नीळ, मिरी व सोरा घेण्यासाठी. भरुच, नवसारी, बडोदे व अहमदाबाद येथील सुती कापड, बुऱ्हाणपूरची छींट, सरखेज व बयाना येथील नीळ ह्यांना लंडनमध्ये मागणी होती. भरुचचे बाफ्ते नावाजलेले होते आणि नर्मदेच्या पाण्यात कापड विशेष शुभ्र धुतले जाते अशी ख्याती असल्याने धुलाईसाठीही माल तेथे जाई. कापडाच्या धंद्यातील शब्दही त्या काळी जहाजात बसून विलायतेस गेले. ‘छींट’चे तेथे ‘चिंट्झ’ झाले, कालिकतवरून ‘कॅलिको’ झाले आणि मुंबईच्या डोंगरी भागावरून जाडेभरडे ‘डंगरी’ कापड जगभर ओळखले जाऊ लागले.

अडचण अशी होती की, इंग्रजांजवळ येथे खपण्यासारखा माल फारसा नव्हता. त्यांची लोकरीची बनात उष्ण हवेत कोण घेणार? शिसे, पारा, पोवळे, हस्तिदंत थोडे थोडे खपे. बाकी सर्व व्यवहार चांदीवर. जहाजे पावसाळा संपता संपता चांदी घेऊन येत आणि दोन-चार महिन्यांत माल भरून परत निघत. परंतु कापड काही दुकानात तयार पडलेले नसे. विणकराला कित्येक महिने आधी बयाणा द्यावा लागे, त्यातून तो सूत घेई, घर चालवी, माल विणी. म्हणजे पैसा लागे पावसाळ्यापूर्वी आणि चांदी येई पावसाळ्यानंतर. शिवाय आलेले स्पॅनिश रियाल टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडून घेण्यासही विलंब लागे. हे अंतर भरून काढी तो सुरतेचा सराफ.

ह्या व्यवहाराचा कणा होता दलाल. इंग्रजांना भाषा ठाऊक नव्हती, विणकर ठाऊक नव्हते, बाजारभावाची नस ठाऊक नव्हती. पारेख घराण्यातील तापीदास, तुळशीदास व पुढे भीमजी ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनीची दलाली सांभाळली. मालाची प्रत तपासणे, बयाणा वाटणे, उधारीची वसुली, हुंडी पटविणे, अधिकाऱ्यांकडे रदबदली करणे, ही सर्व कामे दलालाची. एका शब्दावर हजारो रुपये फिरत. तो शब्द मोडला तर वखार बंद पडली असती.

संघपती वीरजी वोरा

ह्या काळातील सुरतेचा सर्वांत मोठा धनाढ्य म्हणजे वीरजी वोरा. तो जैन होता, लोंकागच्छाचा अनुयायी होता आणि ‘संघपती’ ह्या मानाने ओळखला जाई. त्याची मालमत्ता त्या काळी ८० लाख रुपयांच्या घरात असल्याचा अंदाज नोंदविलेला आहे. आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा व मलबार किनाऱ्यावर त्याचे गुमास्ते होते. मिरी, पोवळे, शिसे, पारा असा मालच्या माल तो एकट्याने उचली व नंतर आपल्या भावाने विकी. इंग्रजांच्या पत्रांतून त्याच्याविषयी तक्रारी आहेत. तो बाजार मुठीत धरतो, त्याच्या धाकाने दुसरा व्यापारी मालाला हात लावत नाही, असे वखारवाले लिहीत.

तथापि हेच वखारवाले पैशांसाठी त्याच्याच दारी जात. १६३६ मध्ये त्याने इंग्रजांना दोन लाख रुपये कर्ज दिल्याची नोंद आहे, तर १६४२ मध्ये एक लाख. व्याज दरमहा शेकडा एकच्या आसपास असे. त्याच्या हुंडीवर इंग्रजांना आग्र्यास रक्कम मिळे, म्हणजे रस्त्यात लुटारूंची भीती न बाळगता खरेदी करता येई. लंडनचे संचालक कर्ज कमी करा म्हणून लिहीत आणि सुरतेचे कौन्सिल नव्याने कर्ज उचली.

परंतु एवढ्या धनाढ्यासही स्वास्थ्य नव्हते. १६३८ मध्ये सुरतेच्या मोगल सुभेदाराने वीरजी वोरास कैदेत टाकले. प्रकरण शाहजहानपर्यंत गेले; बादशहाने त्यास मुक्त केले व सुभेदारास दूर केले. न्याय मिळाला खरा, परंतु तो बादशहाच्या मर्जीने मिळाला. मर्जी आणि कायदा ह्यांतील हे अंतर त्या काळच्या व्यापाऱ्यास चांगले कळत होते.

दुष्काळ आणि चाचेगिरी

१६३० ते १६३२ ह्या काळात गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. विणकर, धोबी, शेतकरी हजारोंनी मृत्यू पावले वा देशोधडीस लागले. इंग्रजांच्या वखारीतही रोगराई शिरली आणि प्रेसिडेंट थॉमस रास्टेल १६३१ मध्ये मरण पावला. कापडाचा पुरवठा आटल्यामुळे कंपनीचे लक्ष कोरोमंडल किनाऱ्याकडे अधिक वळले. १६३९ मध्ये मद्रासची जागा घेण्यामागे हेही एक कारण होते. माग थांबला की जहाज थांबते, हे ह्या दुष्काळाने दाखवून दिले.

ह्यानंतर थोड्याच काळात दुसरे संकट आले. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याच्या परवान्याने निघालेल्या एका खासगी इंग्रज जहाजाने तांबड्या समुद्राच्या मुखाशी सुरत व दीव येथील जहाजे लुटली. कंपनीचा ह्या लुटीशी संबंध नव्हता. परंतु सुरतेच्या व्यापाऱ्यांना टोपीकर सर्व सारखेच. १६३६ मध्ये प्रेसिडेंट विल्यम मेथवोल्ड ह्यास सुमारे दोन महिने अटकेत राहावे लागले आणि एक लाखाहून अधिक रुपये भरपाई द्यावी लागली, तेव्हाच त्याची सुटका झाली. अहमदाबादचे प्रसिद्ध जैन जवाहिर शांतिदास झवेरी हेही त्या लुटीत नुकसान सोसलेल्यांपैकी होते. इंग्रज अद्याप कोणाचे राज्यकर्ते नव्हते, तर बाजारापुढे जाब देणारे परदेशी व्यापारी होते, हे ह्या प्रसंगातून स्पष्ट होते.

सुरत सोडण्याचा निर्धार

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला व शहरास वाली उरला नाही. इंग्रज व डच ह्यांनी आपापल्या वखारी राखल्या. वीरजी वोराच्या हवेलीतील प्रचंड संपत्ती मात्र गेली. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली. राज्य मोगलांचे, कर मोगलांना, परंतु प्रसंगी रक्षण नाही, हा धडा सुरतेच्या पेढ्यांनी घेतला.

ह्या दोन स्वाऱ्यांच्या मधे, १६६९ मध्ये, जे घडले ते अधिक विलक्षण होते. सुरतेच्या काझीने काही बनियांवर बळाने धर्मांतर लादले आणि देवस्थाने पाडण्याचा धाक घालून पैसे उकळण्यास सुरुवात केली. तक्रारीचा उपयोग होईना. तेव्हा महाजनाने निर्धार केला. काही प्रमुख मंडळी इंग्रज प्रेसिडेंट जेराल्ड ऑंजियर ह्यास भेटली व मुंबई बेटावर आश्रय मिळेल काय, असे त्यांनी विचारले. ऑंजियरला ते मनापासून हवेच होते. परंतु त्यामुळे बादशहाचा रोष ओढवून कंपनीचा सर्व व्यापार बुडेल, ही भीतीही होती. म्हणून त्याने त्यांस तूर्त अहमदाबादेकडे जाऊन बादशहाकडे दाद मागण्याचा सल्ला दिला.

सप्टेंबर १६६९ मध्ये सुमारे ८,००० बनिया कुटुंबप्रमुख घरदार मागे ठेवून सुरतेबाहेर पडले आणि भरुचच्या वाटेस लागले. काझी संतापून सुभेदाराकडे गेला व त्यांना परत फिरवा म्हणाला. सुभेदाराने नकार दिला. हे बादशहाचे प्रजाजन आहेत, त्याच्या मुलखात त्यांना हवे तेथे जाता येईल, असे त्याने सुनावले. न्यायबुद्धी सर्वत्र लोपली नव्हती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

महाजनाच्या आज्ञेवाचून एकही दुकान उघडायचे नाही, असा बंद होता. टांकसाळ थंडावली, जकातीचे नाके ओस पडले, घरखर्चासही रोकड मिळेना. एकही शस्त्र न उचलता साम्राज्याचे पहिले बंदर ठप्प झाले. अखेर औरंगजेबाकडून आश्वासन मिळाल्यावर डिसेंबरमध्ये मंडळी परतली. ह्या समुदायात जैन होते, वैष्णवही होते. संकटाने आणि महाजनाने त्यांना एक केले होते.

मुंबई बेट

मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहाने १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजास मिळाले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आले आणि मार्च १६६८ च्या सनदेने वार्षिक १० पौंड भाड्याने कंपनीकडे आले. बेट दलदलीचे, हवा रोगट. आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती.

१६६९ ते १६७७ ह्या काळात ऑंजियर सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर होता. सुरतेचा तो बंद त्याने डोळ्यांनी पाहिला होता. व्यापारी कशास भितो व कशाने स्थिरावतो, हे त्याला उमगले असावे, कारण मुंबईत त्याने केलेली कामे त्याच दिशेची आहेत. १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा रद्द करून इंग्रजी कायदा लागू केला व न्यायालय स्थापले. जमीनधारकांशी करार करून वार्षिक २०,००० शेराफिनांच्या बदल्यात त्यांच्या जमिनी कायम केल्या. टांकसाळ सुरू केली. निरनिराळ्या समाजांच्या पंचायतींना आपापसांतील तंटे मिटविण्याची मुभा दिली. मराठ्यांशीही त्याने बोलणी ठेवली. जून १६७४ मध्ये रायगडावरील राज्याभिषेकास हेन्री ऑक्झेंडन इंग्रजांचा वकील म्हणून हजर होता व त्याच वेळी तह ठरला. पोर्तुगीजांकडून बेट घेतेवेळी सुमारे १०,००० असलेली वस्ती डॉ. जॉन फ्रायरच्या अंदाजानुसार ऑंजियरच्या काळात ६०,००० पर्यंत गेली.

व्यापारी मात्र नुसत्या शब्दावर आले नाहीत. १६७१ मध्ये सुरतेच्या महाजनाने मुंबईस येण्यापूर्वी ठराविक हक्कांची हमी मागितली. १६७७ मध्ये दीवचा बनिया व्यापारी नीमा पारेख ह्याने तर कलमवार अटी घातल्या. आपल्या घरात आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा, वाड्याच्या आवारात कोणीही जीवहिंसा करू नये, कोणावर धर्मांतराची सक्ती नसावी, विवाह व अंत्यविधी रीतीप्रमाणे करता यावेत, पहारा-चौकीची सक्ती नसावी, पूर्वसूचनेविना जाहीर अटक करून अब्रू घेऊ नये, आणि युद्धप्रसंगी किल्ल्यात कुटुंब व माल ठेवण्यास जागा मिळावी. कंपनीने ह्या अटी मान्य केल्या.

ही कलमे वाचताना लक्षात येते की, त्यांत नफ्याची कलमे थोडी आणि मनुष्याच्या प्रतिष्ठेची अधिक आहेत. जैन परंपरेत ज्यास अभयदान म्हणतात, ते येथे सरकारी कागदावर आले होते, आणि त्यात मुक्या प्राण्यांनाही स्थान होते.

दलाल भीमजी पारेख ह्याची दृष्टी तर त्याही पलीकडची होती. प्राचीन ग्रंथ छापता यावेत म्हणून त्याने कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईत आला. परंतु त्यास बनिया लिपीचे खिळे पाडता येईनात व तो उद्योग फळास आला नाही. पश्चिम भारतात देशी लिपीत छपाई करण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न एका व्यापाऱ्याने केला होता, ही गोष्ट अभिमानास्पद आहे.

पुढील वळण

१६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. सुरतेचे महत्त्व त्यानंतरही कित्येक वर्षे टिकून होते. मुंबई एका दिवसात मोठी झाली नाही. कंपनीही काही परोपकारी संस्था नव्हती. तिने मोगलांशी युद्ध ओढवून घेतले व १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड देऊन क्षमा मागितली. १७०० व पुढे १७२१ च्या कायद्यांनी खुद्द इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी छापील कापडावर बंदी आली, आणि एकोणिसाव्या शतकात तर मँचेस्टरचे कापड येथील मागांवर उलटले. ज्याच्या बयाण्यावर वखार जगली, तो विणकर ह्या व्यवहारात सर्वाधिक भरडला गेला. हिशेबाची ही बाजूही विसरता येत नाही.

तरीही त्या ऐंशी वर्षांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. सुरतेजवळ संपत्ती होती, परंतु तिला अभयाची शाश्वती उरली नाही. मुंबईजवळ आरंभी दलदल होती, परंतु तिने अभय लिहून दिले. तेही आपण होऊन नव्हे, तर वीरजी वोरासारख्यांच्या पतीने, महाजनाच्या एकजुटीने आणि नीमा पारेखाच्या रोखठोक कलमांनी ते लिहावयास लावले म्हणून. आज मुंबईत व महाराष्ट्राच्या गावोगावी जी मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा, पांजरपोळ व विश्वस्त संस्था उभ्या आहेत, त्यांच्या पायाशी ही जुनी शिदोरी आहे. शब्द पाळणारी पेढी, एकत्र उभे राहणारे महाजन आणि स्वतःबरोबर मुक्या जीवासही अभय मागणारी वृत्ती ही ती शिदोरी होय. तिचा सांभाळ करणे हे पुढील पिढीचे कर्तव्य ठरते.